ढालीवरचे चाक

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी माइन्झ नावाचे एक प्राचीन नगर आहे. या नगराच्या मानचिन्हात तांबड्या ढालीवर दोन पांढरी चाके काढलेली असून एका लहानशा पांढऱ्या क्रुसाने ती परस्परांना जोडलेली आहेत. प्रत्येक चाकाला सहा आरे. युरोपातील नगरांच्या मानचिन्हांत सिंह, गरुड, बुरूज आणि तलवारी यांची रेलचेल असते. त्या गर्दीत सुताराच्या अंगणातून उचलून आणल्यासारखे वाटणारे हे साधे चाक पाहणाऱ्याला थांबवते.

आपल्या गोमंतकातही पोर्तुगीज अमदानीत एक चाक राज्यचिन्हात मिरवत होते. ते अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचे चाक. दोन्ही चिन्हे ख्रिस्ती परंपरेतली. एकामागे एका महागुरूची कथा, दुसरीमागे एका रक्तसाक्षी कुमारिकेची. आकारही जवळजवळ एकच. तरीसुद्धा एका चाकाकडे पाहताना मन नम्र होते आणि दुसऱ्याकडे पाहताना अस्वस्थ होते. असे का व्हावे, याचा विचार करण्यासाठी ही दोन चाके शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा हा प्रयत्न आहे. कवितेची किंवा कादंबरीची समीक्षा करण्याची आपल्याला सवय आहे. पण ज्या चिन्हांखाली माणसे राहतात, कर भरतात, लढतात आणि प्रार्थना करतात त्यांचीही समीक्षा झाली पाहिजे. नगराचे चिन्ह हे त्या नगराने स्वतःविषयी लिहिलेले सर्वांत छोटे पुस्तक असते.

१

मानचिन्हाची प्रथा युरोपात बाराव्या शतकात रूढ झाली. शिरस्त्राणाने तोंड झाकलेला योद्धा ओळखू यावा म्हणून त्याच्या ढालीवर चित्र काढीत. पुढे ती खूण घराण्याची झाली, मग मठांची, महागुरूंची आणि नगरांची. लढाईच्या धुळीतही दुरून दिसले पाहिजे, या गरजेतून तिचे नियम ठरले. रंग थोडे आणि ठळक, आकृती स्पष्ट. रुपेरी रंग पांढऱ्याने आणि सोनेरी पिवळ्याने दाखवला तरी चालतो. नगराचा ध्वज बहुधा ढालीच्याच रंगांतून घडतो; म्हणून ध्वज वाचायचा तर आधी ढाल वाचावी लागते.

आपल्याकडची परंपरा निराळी. आपण चित्रापेक्षा शब्दावर अधिक भरवसा ठेवला. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत ना सिंह आहे ना तलवार. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी आणि विश्वाला वंद्य होणारी ही शहाजीपुत्राची मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते, एवढेच ती संस्कृतात सांगते. तिच्यातला ‘भद्र’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे तो पुन्हा भेटणार आहे. ढालीच्या आकारातली चित्रे आपल्या भूमीवर आली ती प्रथम पोर्तुगीजांबरोबर आणि नंतर इंग्रजांबरोबर. १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याने हिंदी संस्थानिकांसाठी अशी मानचिन्हे तयार केली आणि ती भरजरी निशाणांवर काढून राजांना बहाल करण्यात आली. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील मराठी राजघराण्यांना युरोपीय ढाल मिळाली ती अशी. ज्याने ती दिली तो सार्वभौम आणि ज्याने घेतली तो मांडलिक, हे त्या देण्याघेण्यातच लिहिलेले होते. चिन्ह कोणते आहे एवढेच पाहून चालत नाही, ते कोणी कोणाला दिले हेही पाहावे लागते, हा पहिला धडा.

२

आता माइन्झकडे वळू. इ. स. ९७५ ते १०११ या काळात विलिगीस नावाचे धर्मपुरुष माइन्झचे आर्चबिशप होते. जर्मन साम्राज्यात त्यांचा अधिकार मोठा. पण जन्म सामान्य कुळातला. त्या काळात असे पद उमरावांच्या मुलांसाठीच राखलेले असे. दंतकथा अशी की, विलिगीस गाड्यांची चाके करणाऱ्या सुताराचे पुत्र होते. त्यांचा उत्कर्ष सहन न झालेल्या कुलवंतांनी त्यांना हिणवण्यासाठी त्यांच्या वाड्याच्या भिंतींवर आणि दारांवर खडूने चाके काढून ठेवली. ‘चाकवाल्याचा मुलगा’ ही शिवी चित्रातून दिली गेली. विलिगीस रागावले नाहीत. त्यांनी चितारी बोलावला आणि आपल्या दालनात तांबड्या रंगावर पांढरी चाके रीतसर काढून घेतली; आपण कोठून आलो याचे विस्मरण होऊ नये म्हणून. ग्रिम बंधूंनी आपल्या जर्मन दंतकथांच्या संग्रहात ही गोष्ट समाविष्ट केली आहे.

इतिहासकार ही कथा मान्य करीत नाहीत आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. विलिगीस यांच्या हयातीत मानचिन्हांची प्रथाच नव्हती. या चाकाचे मूळ काही जण यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनातील दिव्य रथाच्या चाकांत शोधतात, तर काही जण वर्तुळात बसवलेल्या क्रुसात. पण समीक्षकाला दंतकथाही पुराव्यासारखी वापरता येते, फक्त तो पुरावा घटनेचा नसून इच्छेचा असतो. माइन्झच्या लोकांना आपल्या चिन्हाचा अर्थ सांगण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी विजयाची, चमत्काराची किंवा राजकृपेची कथा रचली नाही. त्यांनी अपमान पचवणाऱ्या कारागिराच्या मुलाची कथा रचली. आपला महागुरू कसा असावा, याविषयीचे लोकांचे मत त्या चाकात साठवले गेले. नाझरेथच्या सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूचे नाव घेणाऱ्या ख्रिस्तसभेला याहून अनुरूप चिन्ह कोणते असणार?

तथापि चिन्ह चांगले असले म्हणजे ते धारण करणाराही चांगला असतो असे नव्हे. माइन्झचे आर्चबिशप पुढे साम्राज्यातील बलाढ्य राजपुरुष झाले. सम्राटाची निवड करणाऱ्या सात जणांत त्यांचे स्थान होते. चाक त्यांच्या ढालीवर राहिले, मात्र सुतार विसरला गेला. १५१४ मध्ये आर्चबिशप झालेल्या ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्त यांनी पदप्राप्तीसाठी काढलेले कर्ज फेडण्याकरता आपल्या प्रदेशात दंडमाफीपत्रांचा व्यवहार चालू दिला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर यांनी आपली तक्रार ज्यांना लिहून पाठवली ते हेच आर्चबिशप. त्यांच्याही ढालीवर ते चाक होते. आपण कोठून आलो याची आठवण देणारे चिन्ह रोज डोळ्यांसमोर असूनही मनुष्य किती दूर जाऊ शकतो, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

पण त्याच माइन्झने विसरलेला सुतार पुन्हा आठवला, तेही सांगितले पाहिजे. १८५० ते १८७७ या काळात तेथील महागुरू असलेल्या विल्हेल्म इमानुएल फॉन केटलर यांनी १८६४ मध्ये कामगारांचा प्रश्न आणि ख्रिस्ती धर्म यांविषयी ग्रंथ लिहिला. कामगाराचे श्रम बाजारातल्या वस्तूसारखे विकले जातात, त्याच्या भाकरीचा भाव रोज ठरतो, ही स्थिती ख्रिस्ती विवेकाला मान्य होऊ शकत नाही, असे त्यांनी निक्षून मांडले. पुढे १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या स्थितीवर जे प्रसिद्ध परिपत्रक काढले त्याचे पूर्वसूरी म्हणून केटलर यांचे नाव घेतले जाते. केटलर स्वतः उमराव घराण्यातले. जन्माने सुताराचे नसलेल्या या महागुरूने चाकाचा अर्थ जन्माने नव्हे तर कृतीने जपला.

आज आर्चबिशपांची सत्ता लोपून दोन शतके उलटली. एर्फुर्ट हे नगर १८०२ मध्ये माइन्झच्या ताब्यातून प्रशियाकडे गेले. तरी तांबड्या ढालीवरचे पांढरे चाक एर्फुर्टने सोडले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर घडलेल्या ऱ्हाइनलँड-फाल्ट्स या राज्याने आपल्या मानचिन्हात ट्रियरचा क्रूस आणि फाल्ट्सचा सिंह यांच्याबरोबर माइन्झचे चाक घेतले. राज्यकर्ते गेले, पंथ बदलले, सीमा बदलल्या. पण चाक राहिले, कारण तोवर ते राज्यकर्त्याचे राहिले नव्हते, लोकांचे झाले होते.

३

गोमंतकातील चाकाची कथा याच्या उलट दिशेने जाते. माइन्झचे चाक उपहासातून निघून सत्तेपर्यंत गेले आणि शेवटी लोकांत विसावले. गोव्यातले चाक एका छळलेल्या मुलीच्या बाजूने निघाले आणि थेट विजेत्याच्या हाती पडले.

संत कॅथरिनची कथा आपल्या वाडवडिलांना पाठ होती. चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियात राहणारी ही विदुषी कुमारिका. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राटाला तिने निर्भयपणे जाब विचारला. सम्राटाने तिच्याशी वाद घालण्यासाठी पन्नास तत्त्वज्ञ बोलावले. ती हरली नाही, उलट तेच तिच्या श्रद्धेकडे वळले. तेव्हा तिला खिळे मारलेल्या चाकावर चिरडण्याची आज्ञा झाली. तिचा स्पर्श होताच चाक मोडून पडले. अखेर तलवारीने तिचा शिरच्छेद करण्यात आला. या कथेला ऐतिहासिक आधार तोकडा असल्यामुळे १९६९ मध्ये ख्रिस्तसभेच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून तिचा सण काढण्यात आला होता; २००२ मध्ये २५ नोव्हेंबर हा तिचा स्मरणदिन ऐच्छिक म्हणून पुन्हा घेण्यात आला. चित्रकार तिला दाखवतात ते मोडलेल्या चाकासह. हे ‘मोडलेले’ असणे महत्त्वाचे आहे. ज्याने तिला मारायचे ते हत्यार निकामी झाले, हा त्या चिन्हाचा गाभा आहे. क्रूस जसा वधस्तंभ असूनही वध करणाऱ्यांचे चिन्ह राहिला नाही, तसेच हे चाक छळाचे साधन असूनही छळणाऱ्यांचे राहिले नाही.

अफोंसो द अल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाही सैन्याचा पराभव करून गोवा शहर जिंकले. तो दिवस संत कॅथरिनचा. विजयाचे श्रेय तिला देण्यात आले, तिच्या नावाने कपेल उभारण्यात आले आणि ती या नगराची आश्रयदाती झाली. इथवर त्या काळच्या रीतीला धरूनच होते. सणाच्या दिवशी जे मिळाले ते त्या संताच्या कृपेने मिळाले, असे मानण्याची प्रथा सर्वत्र होती. पण त्या विजयाचा दुसरा भागही इतिहासात नोंदलेला आहे. शहर हाती आल्यावर तेथील मुसलमान रहिवाशांची, स्त्रिया आणि मुलांसह, कित्येक दिवस कत्तल झाली आणि ही हकीकत खुद्द अल्बुकर्कने डिसेंबर १५१० मध्ये आपल्या राजाला पत्राने कळवली. ती लिहिताना त्याला संकोच वाटलेला नाही.

कत्तलीचा आरंभ आणि रक्तसाक्षी कुमारिकेचा सण यांची सांगड ज्या ढालीने घातली, ती ढाल समीक्षकाने गुमान पुढे जाऊ देऊ नये. नगराच्या चिन्हात संत कॅथरिनचे चाक आले. १९३५ मध्ये पोर्तुगालने आपल्या वसाहतींसाठी एका साच्याची मानचिन्हे ठरवली तेव्हा पोर्तुगीज हिंदुस्थानच्या ढालीत एका बाजूस पोर्तुगालची पाच लहान निळी कवचे, दुसऱ्या बाजूस संत कॅथरिनचे चाक आणि बुरूज, आणि खाली समुद्राच्या हिरव्या लाटा अशी मांडणी झाली. आता या मांडणीत चाकाचे शेजारी कोण आहेत ते पाहा. राजाची कवचे, किल्ल्याचा बुरूज, आरमाराचा समुद्र. मोडलेले हत्यार या शेजारात बसून पुन्हा जोडले गेले. छळ सोसणाऱ्या मुलीची खूण ही आता तटबंदीची खूण झाली.

मराठी भाषेने येथे आपल्याला एक सूक्ष्म भेद उपलब्ध करून दिला आहे. आपण ‘चाक’ म्हणतो आणि ‘चक्र’ही म्हणतो. चाक गाडीला असते, रहाटाला असते, कुंभाराच्या घरी असते. चक्र देवाच्या बोटावर असते, राजाच्या रथाला असते. चाकाला वंगण लागते, चक्राला पूजा लागते. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला तेव्हा आधीच्या निशाणावरील चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र आले. श्रमाच्या चाकाने धर्माच्या चक्राला जागा दिली. पण ते चक्र कोणाला जिंकल्याचे सांगत नाही. युद्धाचा पश्चात्ताप झालेल्या सम्राटाची ती आठवण आहे. विलिगीसच्या दंतकथेतले ते चाक, अशोकाचे ते चक्र. कॅथरिनचे मुळात दोन्हींपैकी काहीच नव्हते. ते मोडून पडलेले यंत्र होते. गोव्याच्या ढालीने त्याचे चक्र केले आणि तेही शस्त्र असलेले चक्र.

४

हे विधान कोणाला कठोर वाटेल. त्यांनी जुन्या गोव्यात जाऊन दोन वास्तू एकामागून एक पाहाव्यात. दोन्हींत फारसे अंतर नाही. मांडवीच्या धक्क्यापासून चालत निघालेला भाविक थोड्याच वेळात एकीकडून दुसरीकडे पोहोचतो.

पहिली वास्तू म्हणजे व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाच्या सफरीला शंभर वर्षे झाल्याच्या निमित्ताने त्याचा पणतू व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामा याने ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारली. नवा व्हाइसरॉय याच कमानीखालून नगरात प्रवेश करीत असे. पुढे ती कोसळली आणि १९५४ मध्ये पुन्हा बांधण्यात आली. कमानीच्या एका बाजूस वास्को द गामाचा पुतळा आहे. दुसऱ्या बाजूस हातात तलवार घेतलेल्या एका स्त्रीची मूर्ती आहे आणि तिच्या पायाखाली एक मनुष्य पडलेला आहे. तो येथला आहे, एतद्देशीय आहे. ही स्त्री म्हणजे युरोप असे काही जण म्हणतात. ती संत कॅथरिनच असे इतर म्हणतात. दुसरे म्हणणे सहज टाकून देता येत नाही, कारण युरोपीय चित्रकलेत कॅथरिनला अशाच प्रकारे दाखवण्याची जुनी रीत आहे. तिच्या हाती तलवार असते आणि तिच्या पायाशी तिला मृत्युदंड देणारा सम्राट लहान आकारात पडलेला असतो.

आता काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. मूळ चित्रात पायाखाली जुलमी सम्राट आहे. निःशस्त्र मुलगी मरूनही जिंकली आणि सत्ताधीश हरला, असा त्याचा अर्थ. कमानीवर रचना तीच ठेवली आहे, पायाखालचा मनुष्य मात्र बदलला आहे. सत्ताधीशाच्या जागी ज्याचे शहर गेले तो आला आणि तलवार, जी मुळात तिच्या मानेवर चाललेली, ती आता दुसऱ्याच्या मानेसाठी तिच्या हाती आहे. आपल्या देशात स्त्रीच्या पायाखाली पडलेली आकृती पाहिली की महिषासुरमर्दिनी आठवते. त्यामुळे कमानीखालून जाणाऱ्या येथल्या माणसाला हे शिल्प समजायला कोणत्याही दुभाष्याची गरज नव्हती. तू असुर आहेस, एवढेच ते त्याला सांगत होते.

दुसरी वास्तू म्हणजे से कॅथेड्रल. १५६२ मध्ये बांधकाम सुरू होऊन १६१९ मध्ये पूर्ण झालेले हे महामंदिर संत कॅथरिनलाच अर्पण केलेले आहे. १७७६ मध्ये त्याचा एक मनोरा कोसळला आणि तो पुन्हा उभारला गेला नाही. तेव्हापासून ते एका खांद्याने उभे आहे. आतील मुख्य वेदीच्या सोनेरी नक्षीकामात कॅथरिनच्या जीवनाचे आणि मरणाचे प्रसंग चित्रित केलेले आहेत. तेथे ती जिंकणारी नाही. ती प्रश्न विचारणारी, उत्तर देणारी आणि मरणारी आहे. हजारो भाविकांनी गुडघे टेकले ते या कॅथरिनसमोर. यात येथलेच लोक होते. ज्यांना कमानीने असुर म्हटले त्यांनाच वेदीने लेकरे म्हटले.

एकाच नगरात, एकाच संताच्या नावाने, एकाच राजवटीत या दोन वास्तू उभ्या राहिल्या, हे गोमंतकीय ख्रिस्ती इतिहासाचे मर्म आहे. सगळाच इतिहास कमानीसारखा होता असे म्हणणारे वेदी पाहत नाहीत. सगळा वेदीसारखा होता असे म्हणणारे कमान पाहत नाहीत. दोन्ही पाहणे हे प्रौढ श्रद्धेचे लक्षण होय.

५

या चर्चेला आपल्यासारख्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या दृष्टीने केवळ पुराणवस्तूंचे मोल नाही. तुमचा धर्म परक्यांच्या तलवारीबरोबर आला, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा ऐकले आहे. त्याला उत्तर देताना आपण दोन चुका करू शकतो. एक म्हणजे तलवार नव्हतीच असे म्हणणे; ते खोटे आहे आणि खोट्याच्या आधारावर श्रद्धा उभी राहत नाही. दुसरी म्हणजे तलवार होती म्हणून संतही तलवारवाल्यांचेच, असे निमूटपणे मान्य करणे. चिन्ह बारकाईने वाचले तर तिसरे उत्तर सापडते. कॅथरिन मुळात तलवारीच्या धारेखालची आहे, मुठीमागची नाही. जिंकणाऱ्याने तिला आपल्या ढालीवर नेले तो तिचा अपहार होता. अपहार झालेली वस्तू मूळ धन्याकडे परत मागता येते.

आणि इतिहासाने ती परत दिलीही आहे. वसईचे उदाहरण आपल्या समोर आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज सत्ता तेथून गेली. वेशीवरची कोरलेली राजचिन्हे निरर्थक झाली. किल्ल्यातील घंटा मराठा सरदारांनी नेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या घाटावर आजही टांगलेल्या घंटेवर बाळ येशूसह पवित्र मरीयेची प्रतिमा आहे आणि १७०७ हे वर्ष कोरलेले आहे. ढाल गेली, घंटा गेल्या, पण वसईच्या वाड्यांतली श्रद्धा गेली नाही. राजाश्रय सुटल्यावरही जपमाळ सुटली नाही. १९९८ मध्ये त्याच भूमीवर वसई धर्मप्रांत स्थापन झाला. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मरण पावले, तेही सत्तेच्या बाजूने नव्हे तर सत्तेच्या हातून. श्रद्धेला ढालीची गरज नसते, हे वसईने अडीचशे वर्षे सिद्ध केले.

गोव्यातही तेच घडले. १९ डिसेंबर १९६१ नंतर चाक, बुरूज आणि लाटा असलेली ती ढाल सरकारी कागदांवरून गेली. कोणी तिच्यासाठी अश्रू ढाळले असतील, कोणी आनंद मानला असेल. परंतु से कॅथेड्रलची वेदी जागेवर आहे. कमानीखालून कोणी व्हाइसरॉय आता येत नाही; वेदीपुढे मिस्सा आजही होते. राज्यचिन्हातले चाक राज्याबरोबर संपले आणि संताचे चाक संताबरोबर उरले. माइन्झचे चाक राजवटी बदलूनही टिकले आणि गोव्याच्या ढालीवरचे टिकले नाही, याचे कारणही हेच. जे चिन्ह कोणाला तरी पायाखाली घेऊन उभे असते, त्याला पाय काढावा लागताच उभे राहता येत नाही.

गोवा राज्याने पुढे आपल्या चिन्हाभोवती जे संस्कृत वचन घेतले त्यात सर्वांच्या वाट्याला भद्र यावे आणि कोणालाही दुःख मिळू नये अशी प्रार्थना आहे. शिवाजी महाराजांच्या मुद्रेतला ‘भद्र’ हा शब्द येथे पुन्हा भेटतो. मुंबई महानगरपालिकेच्या चिन्हावरही जेथे धर्म तेथे जय, असे महाभारतातील वचन आहे. पण या दोन वचनांत अंतर आहे. जयाची आशा धरणारे वचन सुंदर असले तरी त्यात कोठेतरी पराभूत गृहीत असतो. भद्राची प्रार्थना करणाऱ्या वचनात पराभूत कोणीच नाही. गोव्याने साडेचार शतकांनंतर निवडलेला शब्द नकळत का होईना, वेदीवरच्या कॅथरिनच्या अधिक जवळ गेला आहे.

६

मग चांगले नगरचिन्ह कोणते? सौंदर्याचे नियम आपल्या जागी ठीक आहेत, पण वरील विवेचनातून तीन प्रश्न निघतात. या चिन्हात राबणारा मनुष्य आहे काय? हे चिन्ह धारण करणाऱ्याला त्याच्या मुळाची आठवण देते काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, याच्या पायाखाली कोण आहे?

हे प्रश्न दूरच्या नगरांनाच विचारून भागणार नाही. राजूर, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ: आपल्या गावांचे शिक्के असे असतात, गोल रिंगणात तीन नावे. त्यात चित्र नसते, म्हणून खोटेही नसते. पण राजूरसारख्या गावाने उद्या आपल्या ढालीसाठी रंग निवडायचे ठरवले तर त्याला दूर जावे लागणार नाही. जमिनीखालचा काळा कोळसा आणि चुनाभट्टीतला पांढरा चुना, या दोन पदार्थांनी या गावाची ओळख घडवली. काळा आणि पांढरा हे मानचिन्हांच्या शास्त्रात एकमेकांवर उठून दिसणारे रंग मानले जातात. पण रंग सापडले म्हणजे चिन्ह सापडले असे नाही. कोळसा आणि चुना ही मालाची नावे झाली, माणसांची नव्हेत.

जर्मनीतील कित्येक खाणगावांनी आपल्या ढालीवर खाणकामगारांची दोन अवजारे एकमेकांवर तिरपी ठेवून काढली आहेत. सॅक्सनीतील आन्नाबर्ग हे नगर १४९६ मध्ये चांदीच्या खाणींमुळे वसले. त्याच्या जुन्या मानचिन्हात पवित्र मरीयेची आई संत आन्ना हिच्याबरोबर खाणकामगारही आहेत. चांदी नाही, चांदी काढणारे आहेत. संताच्या पायाखाली कोणी नाही. संताच्या शेजारी काळवंडलेल्या हातांची माणसे आहेत. केटलर महागुरूंनी ग्रंथात मांडले ते या चित्रकाराने काही शतके आधी ढालीवर मांडले होते.

कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झाले. मालक बदलला, पण उतरणीने जमिनीत शिरणारा मजूर तोच राहिला. चुन्याच्या भट्टीपुढे उभे राहणाऱ्यांची फुप्फुसे आणि तळवे कोणत्याही शिक्क्यावर उमटत नाहीत. ज्या जमिनीखाली कोळसा सापडला तिच्यावर आधी शेती होती. या जिल्ह्याच्या डोंगररानांत कोलाम आणि गोंड आपल्या देवांसह पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. प्रगतीच्या कमानीवर जी मूर्ती उभी असते तिच्या पायाखाली असे कोणी पडलेले नाही ना, हा प्रश्न आपल्या गावाच्या बाबतीतही तितक्याच प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. जुन्या गोव्याच्या कमानीकडे बोट दाखवणे सोपे आहे, कारण ती दुसऱ्याने बांधली.

धर्मग्रामांच्या रौप्य आणि सुवर्ण महोत्सवांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत, पतपेढ्यांच्या आणि मंडळांच्या नव्या पाट्यांवर आपण हौसेने चिन्हे तयार करतो. पुस्तक, दिवा, कबूतर, उगवता सूर्य आणि खाली एक वचन, असा आपला ठराविक साचा झाला आहे. हे चुकीचे नाही, पण ते कोणत्याही गावाचे असू शकते, म्हणून कोणाचेच नसते. पुढच्या वेळी असे चिन्ह काढण्याआधी गावातील सर्वांत वृद्ध कष्टकऱ्याला विचारावे की तुमच्या हातात आयुष्यभर कोणते अवजार होते. उत्तर मिळेल ते कोयता असेल, जाळे असेल, पावडे असेल, सुई असेल. त्या अवजाराला ढालीवर जागा द्यावी आणि खाली कोणालाही ठेवू नये. विलिगीसच्या दालनात चितारलेले चाक शेवटी हेच सांगत होते.